वांग्याची जनसुनावणी

एका भाजीच्या बियाण्याला परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी केंद्रीय मंत्री सात शहरं फिरतो, प्रत्येक ठिकाणी तासन्‌तास बसून लोकांचं ऐकून घेतो, असं आपल्या देशात एकदाच घडलं. जानेवारी आणि फेब्रुवारी २०१० मधले ते जेमतेम चार आठवडे. सभागृहांत शेतकरी होते, शास्त्रज्ञ होते, बियाणं कंपन्यांची माणसं होती, सेंद्रिय शेतीवाले होते. आणि ती भाजी बाजारातून विकत आणून घरी शिजवणारे ग्राहकही होते. जनुकीय बदल केलेलं अन्न म्हणजे काय, ते कसं तयार होतं, त्याची तपासणी कोण करतं आणि कुणाच्या पैशाने करतं, हे प्रश्न भारतातल्या सामान्य ग्राहकाच्या कानावर मोठ्या प्रमाणात पहिल्यांदा पडले ते बीटी वांग्यामुळे. ते शिक्षण तेव्हा कसं घडलं आणि पुढे कुठे अडलं, याची ही हकिकत.

वांगं ही गरिबाची भाजी आहे आणि सणाचीही. जळगावचं भरताचं वांगं, कृष्णाकाठचं वांगं, पुण्याजवळचा मांजरी गोटा, अशी गावागणिक त्याची नावं बदलतात. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मगच ते पुन्हा ताटात घेतात. वांगं घ्यायचं कसं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बाजारात बाई देठाजवळ बोट फिरवून छिद्र आहे का पाहते, दाबून पाहते, घरी चिरताना प्रत्येक फोड उलगडून आत काळं पडलंय का ते बघते आणि फोडी मिठाच्या पाण्यात टाकते.

ते छिद्र पाडते शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. पतंगाची मादी पानांवर अंडी घालते. त्यातून निघालेली अळी आधी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. फळं धरली की ती फळात शिरते. एकदा आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी ती आत जाण्याआधीच फवारत राहतो. किडीचा जोर असला की आठवड्यातून दोनदा, कधी एक दिवसाआड. वांग्याची तोडणी एकदाच होत नाही, ती चालूच असते. त्यामुळे काल फवारलेलं वांगं आज बाजारात येतं. एवढं करूनही निम्म्याहून अधिक फळं किडकी निघू शकतात. बीटी वांग्याची बाजू मांडणारे इथूनच सुरुवात करत, आणि त्यांची ही बाजू खरी होती. ज्या वांग्यावर आपण निर्धास्तपणे विसंबतो त्यावर किती विष पडलेलं असतं, हे ग्राहकाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तेही त्याला या वादातच कळलं.

या वांग्याचं मूळ मराठवाड्यातलं. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणं कंपनी उभी केली. संकरित बियाणं शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याच्या कामासाठी १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सँटोने महिकोत २६ टक्के भागभांडवल घेतलं. जालन्याजवळच्या दावलवाडीच्या संशोधन केंद्रात बारवाले यांच्या कन्या डॉ. उषा बारवाले-झेर आणि त्यांचे सहकारी कापसापाठोपाठ वांग्यावर काम करू लागले.

तंत्र असं. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू असतो. बीटी हे त्याच्याच नावाचं संक्षिप्त रूप. तो एक प्रथिन तयार करतो. ते काही विशिष्ट अळ्यांच्या पोटात गेलं की तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं आणि आतड्याला भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. हे प्रथिन बनवणारं क्राय-१-एसी नावाचं जनुक वांग्याच्या पेशीत घातलं की झाड स्वतःच ते प्रथिन बनवू लागतं. शेंडा, पान, फळ, सगळीकडे. माणसाच्या जठरात रस आम्ल असतो आणि आतड्यात त्या प्रथिनाला चिकटायला जागा नसते, म्हणून माणसाला धोका नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. कापसात हेच जनुक आधीच घातलेलं होतं.

त्या कापसाबद्दल इथे थांबून बोललंच पाहिजे. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन बीटी कापूस वाणांना परवानगी दिली. त्याआधी २००१ मध्येच गुजरातेत ‘नवभारत १५१’ या नावाने विनापरवाना बीटी कापूस हजारो एकरांवर उभा असल्याचं उघड झालं होतं. कापूस म्हणजे कपडा, अन्न नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत होती. पण कापसाच्या बोंडात सरकी असते. सरकीचं तेल काढतात. ते तेल रिफाइंड करून विकलं जातं आणि फरसाण, चिवडा, तळणीचे पदार्थ यांत वापरलं जातं. सरकीची ढेप म्हशीपुढे जाते आणि तिचं दूध आपल्या घरी येतं. कापसाखालचं जवळपास सगळं क्षेत्र काही वर्षांतच बीटी झालं, तेव्हा स्वयंपाकघरात काय आलं हे ग्राहकाला कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे त्या तेलाने अपाय होतो असं मी म्हणणार नाही. पण निर्धोक आहे म्हणून सांगायचं नाही, हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. निर्धोक असेल तर सांगायला भीती कसली?

वांग्यात ही पळवाट नव्हती. ते थेट ताटात येणार होतं, सालासकट.

महिकोने तपासण्या करून घेतल्या. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांना ९० दिवस बीटी वांगं खाऊ घातलं गेलं. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत माशांवर, पंतनगरच्या कृषी विद्यापीठात दुभत्या गाईंवर प्रयोग झाले. कोंबड्या, शेळ्या, ससे यांच्यावरही झाले. अपाय आढळला नाही, असा अहवाल २००६ मध्ये मान्यता समितीपुढे गेला. पण तो अहवाल लोकांपुढे नव्हता. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने माहितीच्या अधिकारात तो मागितला तेव्हा व्यापारी गुपिताचं कारण पुढे करण्यात आलं. केंद्रीय माहिती आयोगाने माहिती खुली करण्याच्या बाजूने आदेश दिला, तरी ओढाताण चालूच राहिली. कार्यकर्त्या अरुणा रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनुकीय पिकांविरुद्ध याचिका दाखल केली होती. तिथूनही दबाव वाढत गेला आणि अखेर २००८ मध्ये तो अहवाल सगळ्यांना वाचायला मिळाला. याच याचिकेत न्यायालयाने हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे संस्थापक डॉ. पुष्प भार्गव यांना मान्यता समितीच्या बैठकांना निरीक्षक म्हणून पाठवलं.

माझ्या मते ग्राहकशिक्षणाचा खरा पहिला धडा हाच. ज्या अन्नाबद्दल ‘सुरक्षित आहे’ असं सांगितलं जातं, त्या सांगण्यामागची आकडेवारी आपल्याला पाहायला मिळाली पाहिजे. ती मिळवायला अर्ज, आयोग आणि न्यायालय एवढं सगळं लागलं.

आकडेवारी उघडी पडताच तज्ज्ञ तिच्यावर तुटून पडले. फ्रान्सच्या गिल-एरिक सेरालिनी यांनी ग्रीनपीससाठी केलेल्या परीक्षणात कंपनीच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. माणूस वांगं आयुष्यभर खातो, मग उंदरांना ९० दिवस खाऊ घालणं पुरेसं कसं, हा सर्वांत सोपा आणि सर्वांना समजणारा प्रश्न होता. या वांग्यात प्रतिजैविकांना दाद न देणारी खूणजनुकंही आहेत, त्यांचं काय, हा दुसरा. तपासण्यांचा खर्च ज्याचा माल त्यानेच केला, हा तिसरा. भार्गवांनी आवश्यक तपासण्यांची लांबलचक यादीच मांडली आणि त्यातल्या बहुतेक झालेल्या नाहीत असं ते सांगत राहिले. दुसऱ्या बाजूला सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सगळी माहिती तपासून वांगं सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. १४ ऑक्टोबर २००९ रोजी मान्यता समितीने बीटी वांग्याच्या लागवडीला हिरवा कंदील दाखवला. भार्गवांचा विरोध होताच.

नियमाप्रमाणे एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की हा निर्णय आपण लगेच अमलात आणणार नाही. समितीचा अहवाल सर्वांसाठी खुला ठेवला, ३१ डिसेंबरपर्यंत लोकांनी लेखी मतं पाठवावीत असं आवाहन केलं आणि त्यानंतर आपण स्वतः ठिकठिकाणी जाऊन ऐकू असं सांगितलं. त्या वर्षीची चंपाषष्ठी याच मुदतीत येऊन गेली.

सभा भरवण्याचं काम अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राकडे आलं. या केंद्राने आधी एक माहितीपुस्तिका तयार केली. बीटी म्हणजे काय, अळी कोणती, दोन्ही बाजूंचे मुद्दे कोणते, असं त्यात मांडलं होतं. सरकारने जनुकीय अन्नाबद्दल सामान्य माणसासाठी काढलेलं यासारखं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. १३ जानेवारीला कोलकात्यात पहिली सभा झाली. मग भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि ६ फेब्रुवारीला बंगळुरू. बंगाल, ओडिशा ही वांग्याची मोठी राज्यं, म्हणून सुरुवात तिथून. सगळ्या सभांना मिळून सुमारे आठ हजार माणसं आली.

या सभा शांत नव्हत्या. घोषणा होत, फलक नाचवले जात, मध्येच माइक ओढला जाई, मंत्रीही कधी चिडत. शास्त्रज्ञ बोलायला उभा राहिला की मागून हुर्यो उठे आणि कार्यकर्ता बोलू लागला की पुढच्या रांगांतले संशोधक माना हलवत. कंपनीने शेतकरी आणवले, असा एका बाजूचा आरोप. स्वयंसेवी संस्थांनी गर्दी जमवली, असा दुसऱ्या बाजूचा. दोन्हींत तथ्य असू शकतं. तरीही ज्या प्रश्नावर बंद खोलीत मूठभर माणसांनी निर्णय घेतला होता, तो इथे शेतकऱ्याच्या आणि गृहिणीच्या तोंडी आला होता. शेती, आरोग्य, वैद्यक, आयुर्वेद, बियाण्यावरची मालकी, निर्यात, धर्म, सगळं त्या वांग्याभोवती गोळा झालं.

नागपूरची सभा २७ जानेवारीला झाली. तिथे वांग्याच्या नावाने जे बोललं जाणार होतं त्यामागे कापूस उभा होता, हे वेगळं सांगायला नको. विदर्भाने तोवर आठ हंगाम बीटी कापूस पाहिला होता. त्याच काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी यवतमाळ, अमरावती, वर्धा ही नावं देशभर पोचवली होती. बीटीमुळे बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हा अनुभव खरा होता. बियाण्याची पिशवी महाग झाली, ती दरवर्षी विकत घ्यावी लागते, कोरडवाहू रानात पाऊस दगा देतो तेव्हा जनुक काही वाचवत नाही, हाही अनुभव खरा होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती की शेतकऱ्याला तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य हवं. त्याच विदर्भात गावरान बियाणं जपणारे आणि विनारासायनिक शेती करणारेही शेतकरी होते. एकाच बांधावरच्या दोन शेतकऱ्यांची मतं वेगळी असू शकतात, हे शहरी ग्राहकाला तेव्हा दिसलं. शेतकरी म्हणजे एकाच आवाजात बोलणारा समूह, ही त्याची समजूत मोडली, याला मी फार महत्त्व देतो.

केंद्रातही मतभेद होते, आणि त्यात महाराष्ट्राची माणसं ठळक होती. कृषिमंत्री शरद पवार तंत्रज्ञानाच्या बाजूचे होते. विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचे राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी २००९ मध्ये माजी आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांच्या पत्राला दिलेल्या उत्तरात जनुकीय पिकांची बाजू लावून धरली होती. ज्या राज्यांत वांगं सर्वाधिक पिकतं ती राज्यं मात्र एकामागून एक विरोधाची पत्रं पाठवत होती.

या सगळ्या गदारोळात ग्राहकाच्या दृष्टीने कळीचा असलेला एक मुद्दा होता, आणि मला तो इतर सगळ्यांपेक्षा भक्कम वाटतो. शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशवीवर बीटी असं छापलेलं दिसेल. त्याला निवड आहे. ग्राहकाला कुठे दिसणार? दहा गावांतली वांगी पहाटे आडतीवर येतात, एकत्र ओतली जातात, तिथून किरकोळ विक्रेत्याकडे, तिथून हातगाडीवर. वांग्याला वेष्टण नाही, चिठ्ठी नाही. बीटी वांगं आणि साधं वांगं दिसायला सारखंच. उलट बीटी वांग्याला छिद्र नसणार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्या खुणेवरून आपण वांगं पारखलं ती खूणही जाणार. एकदा परवानगी मिळाली की ज्याला ते खायचं नाही त्याच्यापुढे वांगं सोडून देण्याखेरीज मार्ग उरत नव्हता.

युरोपात हे वेगळ्या रीतीने घडून गेलं होतं. ब्रिटनमध्ये १९९६ साली जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोची प्युरी दोन मोठ्या दुकानसाखळ्यांत विकायला आली. डब्यावर ठळक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं आणि त्याच किमतीत माल जास्त होता. लोकांनी ती वाचून, समजून विकत घेतली. अठरा लाख डबे खपले. १९९९ पर्यंत युरोपात वातावरण तापलं आणि ती विक्री बंद पडली, पण त्या तीन वर्षांनी एक गोष्ट सिद्ध केली. सरळ सांगितलं तर ग्राहक आपोआप पळ काढत नाही. लपवलेलं उघडं पडतं तेव्हा तो बिथरतो.

९ फेब्रुवारी २०१० रोजी जयराम रमेश यांनी निर्णय दिला. बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती. निर्णयामागची कारणं त्यांनी सविस्तर लिहून जाहीर केली, त्यांना आलेली शास्त्रज्ञांची पत्रंही जोडली. आजही ती कागदपत्रं वाचण्यासारखी आहेत. कारणं अशी: वांग्याची देशात अशी टंचाई नाही की घाई करावी. शास्त्रज्ञांत एकमत नाही. राज्यं विरोधात आहेत. तपासणीसाठी सरकारपासून आणि कंपनीपासून स्वतंत्र अशी यंत्रणा नाही. दीर्घकालीन परिणामांच्या तपासण्या व्हायला हव्यात. हरितक्रांतीचे शिल्पकार डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनीही हाच सल्ला दिला होता, शिवाय देशातल्या स्थानिक वाणांचा आधी नीट संग्रह करा असं सांगितलं होतं. भारत हे वांग्याचं माहेरघर. राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संपदा संस्थेकडे वांग्याचे सुमारे चार हजार नमुने आहेत. परागीकरणातून हे जनुक त्यांच्यात शिरलं तर परत काढता येत नाही.

वैज्ञानिकांच्या मोठ्या वर्गाला हा निर्णय गर्दीपुढे घेतलेली माघार वाटली. विज्ञानाचा निकाल हात वर करून लागत नाही, हे त्यांचं म्हणणं योग्यच आहे. पण सभांमध्ये लोकांना विज्ञानाचा निकाल विचारलाच नव्हता. हे अन्न तुम्हाला हवं आहे का आणि हवं की नको हे ठरवण्याइतकं तुम्हाला सांगितलं गेलं आहे का, असा प्रश्न होता. त्याचं उत्तर देण्याचा अधिकार खाणाऱ्याचाच.

निर्णयानंतरच्या काही महिन्यांत दोन घटना घडल्या. मार्च २०१० मध्ये खुद्द मोन्सँटोने कबूल केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटी कापसाला दाद देईनाशी झाली आहे. ते जनुक क्राय-१-एसी, वांग्यात घातलेलं तेच. आठ वर्षांत कीड त्याला सरावली होती. पुढे २०१७ मध्ये दोन जनुकांचा बीटी कापूसही गुलाबी बोंडअळीने पोखरला, हे महाराष्ट्राने पाहिलंच. दुसरी घटना सप्टेंबरमधली. देशातल्या सहा विज्ञान अकादमींनी मिळून जनुकीय पिकांवर अहवाल दिला आणि बीटी वांग्याच्या मर्यादित लागवडीला अनुकूलता दाखवली. थोड्याच दिवसांत त्यातला काही मजकूर या तंत्रज्ञानाच्या पुरस्कर्त्या लेखातून जसाच्या तसा उचलल्याचं उघड झालं. अकादमींना अहवाल मागे घेऊन सुधारून द्यावा लागला. ज्यांच्या शब्दावर ग्राहकाने विश्वास ठेवायचा, त्यांच्याकडूनच असं झालं. याचं वाईट वाटतं, कारण त्या अकादमींतले बहुसंख्य लोक प्रामाणिक संशोधक आहेत आणि त्यांनी नीट अभ्यास करून लिहिलेल्या चार पानांची तेव्हा खरोखर गरज होती.

वाद चालू राहिला. दिल्लीच्या दिल्ली हाटमध्ये सप्टेंबर २०११ मध्ये ग्रीनपीसने ३४२ किलो वांग्याचं भरीत करून निषेध नोंदवला. संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीने बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास केला, यवतमाळच्या गावांत जाऊन कापूस उत्पादकांशी चर्चा केली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये जनुकीय अन्नपिकांबाबत अत्यंत सावध राहायला सांगितलं. बांगलादेशने मात्र ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच जनुकाच्या वांग्याला परवानगी दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना रोपं वाटली. तिथे आज ते उघडपणे पिकतं आणि विकलं जातं.

आपल्याकडे दरम्यान सांगण्याची जबाबदारी कागदावर आली. जून २०१२ च्या अधिसूचनेने वेष्टनांकित मालाच्या नियमांत बदल झाला. १ जानेवारी २०१३ पासून जनुकीय बदल केलेलं अन्न असलेल्या प्रत्येक पाकिटाच्या दर्शनी भागावर वरच्या बाजूला ‘जीएम’ अशी अक्षरं हवीत, असं ठरलं. किती पाकिटांवर ती अक्षरं तुम्ही पाहिली? दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१८ मध्ये बाजारातले ६५ अन्नपदार्थ तपासले. त्यातल्या २१ पदार्थांत जनुकीय बदल आढळले. बहुतेक आयात केलेले होते, त्यात लहान मुलांचं अन्नही होतं. देशात तयार झालेल्यांत सापडलं ते सरकीचं तेल. या २१ पैकी बहुतेक पाकिटांवर त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

वांगंही चोरपावलांनी परतलं. २०१९ च्या उन्हाळ्यात हरियाणातल्या फतेहाबादमध्ये एका शेतात बीटी वांगं उभं असल्याचं सरकारी तपासणीत सिद्ध झालं आणि ते पीक उपटून नष्ट केलं गेलं. त्याच जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने अनिल घनवट यांच्या नेतृत्वाखाली सविनय कायदेभंग म्हणून बंदी असलेला तणनाशक-सहनशील कापूस आणि बीटी वांगं उघडपणे लावलं. हजाराहून जास्त शेतकरी जमले होते. त्यांची मागणी मान्य असो वा नसो, त्यांनी ते दिवसाढवळ्या, नाव सांगून केलं. चोरून विकलेल्या बियाण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. चोरून आलेल्या वांग्याची ना तपासणी होते, ना जबाबदारी कुणाची असते, आणि ते ज्याच्या घरी जातं त्याला पत्ताही नसतो.

मग ऑगस्ट २०२१. कोंबडीखाद्य महागलं म्हणून केंद्राने बारा लाख टन जनुकीय सोयापेंड आयात करायला मुभा दिली. ती उतरण्यासाठी ठरलेल्या ठिकाणांत आपलं न्हावाशेवा बंदर होतं. लातूर, वाशीम, अमरावतीचा शेतकरी साधं सोयाबीन घेऊन हंगामाच्या तोंडावर उभा होता. भाव पडतील म्हणून तो ओरडला, आणि रास्तच ओरडला. अंडं-चिकन खाणाऱ्या ग्राहकाचा मात्र त्या चर्चेत कुठे मागमूसही नव्हता. या वेळी कुठल्याही शहरात सभा भरली नाही, पुस्तिका निघाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जनुकीय अन्नाच्या नियमांचा मसुदा काढला. एक टक्का किंवा अधिक अंश असेल तर तसं छापावं असं त्यात आहे. किती ग्राहकांना तो मसुदा आल्याचं कळलं?

२००९-१० मध्ये ग्राहकाला विचारलं गेलं, पण आधी त्याला पुरेसं शिकवलं नव्हतं, म्हणून सभांत भीती जास्त बोलली. त्यानंतर त्याला थोडंफार कळू लागलं होतं, तर विचारणंच बंद झालं. मी जनुकीय अन्नाच्या विरोधात नाही. फवारणी खरोखर कमी होत असेल, दीर्घ तपासण्या स्वतंत्र हातांनी झाल्या असतील, आणि बाजारात ते ओळखता येत असेल, तर बीटी वांग्याचं भरीत मी घरी करीन. या तीन अटींपैकी तिसरी अजून कुणी गांभीर्याने हाताळलेली नाही.

२३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जनुकीय मोहरीच्या परवानगीवर परस्परविरोधी निकाल दिले. हा खटला म्हणजे अरुणा रॉड्रिग्ज यांच्या त्याच जुन्या लढ्याचा पुढचा टप्पा. परवानगीवर न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, पण दोन गोष्टींवर झालं. राज्यं, शेतकरी, तज्ज्ञ अशा सर्वांशी सल्लामसलत करून केंद्राने जनुकीय पिकांचं राष्ट्रीय धोरण ठरवावं, ही एक. जनुकीय अन्नाच्या, विशेषतः खाद्यतेलाच्या आयातीत अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २३ चं, म्हणजे वेष्टण आणि त्यावरच्या माहितीच्या तरतुदीचं, पालन झालंच पाहिजे, ही दुसरी.

ही दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या हातातली आहे. पुढच्या वेळी तेलाची पिशवी घ्याल तेव्हा ती उलटून पाहा. तेल कशाचं, आयात केलेलं आहे का, जनुकीय मालाचा उल्लेख आहे का, हे वाचा. सोयाबीनचं किंवा सरकीचं तेल असेल आणि पाकीट गप्प असेल, तर पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाला दोन ओळींचं पत्र लिहा आणि पोच घ्या.